नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका
भाऊ, गाडी वर उचलायची लिफ्ट नसताना घरी एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा पाईप अन् सायलेन्सर) बदलता येईल का विचारलंत, येतो की, मी जुळे सोलापुरात बिल्डिंगच्या पार्किंगमधे बीएमडब्ल्यू झेड-फोर गाडीचा सायलेन्सर उतरवलाय, पाठीखाली जुनी सोलापुरी चादर दुमडून. फक्त चारही बाजूंना जॅक स्टँड (जॅकनं उचललेली गाडी पेलून धरणारे लोखंडी पाय) लावा अन् ते काँक्रीटवरच, आपल्याकडं उन्हात डांबर मऊ होतं, स्टँड रुततो. नटांना आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-४० (गंजलेले नट ढिले करणारा स्प्रे) मारून ठेवा. पाईप लटकवून धरणारे रबर हँगर साबणाच्या पाण्यानं पटकन सरकतात, मी शहाणा कोरडेच तासभर ओढत बसलो आणि शेवटी पाईप कपाळावर 😅 एक्झॉस्टवरच्या ऑक्सिजन सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) वायर आधी सोडा. जोडावरचं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) नवीनच टाका, क्लॅम्प ढिले ठेवून पाईप नीट जुळला की मगच पुढून मागं आवळत या.