डफासाठी बोकडाच्या कातड्याचे केस काढायचे आहेत, सल्ला हवा

कोपरीकर
मंडळी, शाहिरीच्या साथीचा डफ घरीच मढवायचा विचार आहे. लाकडी कडं तयार आहे. ओळखीच्या खाटकाने बोकडाचं कातडं मीठ लावून ठेवलंय. केस काढायला कोणी चुना सांगतं, कोणी राख, यूट्यूबवर एक जण तुरटी म्हणतो. फ्लॅटमध्ये राहतो, हेही लक्षात घ्या.

खाडीकाठ
तुरटी बाद. तिने कातडं कमावलं जाऊन मऊ पडतं. डफाला कच्चंच हवं, तरच खणखणेल.
राखेनेही केस सुटतात, पण दर वेळी राखेचा जोर वेगळा. चुनाच घ्या, तोही विझवलेला. कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना बादलीत टाकलात तर पाणी उकळेल.
आधी मीठ धुऊन काढा, आतल्या बाजूची चरबी आणि मांस खरवडा. मग प्लास्टिकच्या पिंपात चुन्याच्या पाण्यात पूर्ण बुडवा. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, चुना ते खातो. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. म्हणून रोज काठीने ढवळायचं आणि कातडं उलटवायचं, नाहीतर डाग राहतात.

कोपरीकर
किती दिवस?

खाडीकाठ
दिवस मोजू नका, केस बघा. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा. मानेजवळचे केस अंगठ्याने ढकलले की सहज सरकले पाहिजेत, तिथलं कातडं सगळ्यात जाड. ओढायला लागत असतील तर परत बुडवा. जास्त दिवस ठेवलं तर कातडंच कमजोर होतं.
जाड पीव्हीसी पाइप भिंतीला तिरका टेकवून त्यावर कातडं टाका आणि बोथट पात्याने खरवडा. धार असेल तर भोक पडलंच म्हणून समजा! रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही.

संबळ_ऐरोली
कातडं कुठून आलं तेही विचारा. आजाराने मेलेल्या जनावराचं अजिबात नको, काळपुळी (अँथ्रॅक्स) कातड्यातूनही येते. आणि बोकडाचंच घ्या. बैलाच्या कत्तलीवर राज्यात २०१५ पासून बंदी आहे, नसती भानगड नको.

चौथा_मजला
सोसायटीवाल्यांचाही विचार करा हो. ते केस मोरीत सोडाल आणि खालच्या मजल्यावर पाणी तुंबेल.

खाडीकाठ
बरोबर. गाळून केस कचऱ्यात. घरी जमत नसेल तर गावाकडे कोणाच्या अंगणात करा, मी तरी तेच म्हणेन.
केस गेले की पाणी बदलत बदलत चुना पूर्ण काढायचा. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाकलं तर काम लवकर होतं. डफावर ओलंच ताणा, पोटाकडचा पातळ भाग सोडून मधला घ्या. सुकवायचं सावलीत. ओलं कातडं उन्हात तापलं की आक्रसतं, कडेला फाटतं.

संबळ_ऐरोली
आणि हे पावसाळ्यात काढू नका. आपल्या खाडीच्या दमट हवेत ते सुकण्याआधी वास मारेल. दिवाळीनंतर बघा.

कोपरीकर
मग कातडं तोवर मिठातच राहू दे?

खाडीकाठ
राहू दे. भरपूर जाडं मीठ लावा, सुटलेलं पाणी निथळू द्या आणि मीठ भिजलं की बदला.