जानेवारीत नऊ दिवस विंडसर्फिंगला: मॉरिशस की दुसरं एखादं बेट? वारा नक्की कुठे मिळेल?

पार्ले_पूर्व

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी ४३ वर्षांची, पार्ल्यात राहते, नोकरी बीकेसीत. चार वर्षांपूर्वी गिरगाव चौपाटीवर विंडसर्फिंग शिकले. घरच्यांना वाटलं, झुंबाच्या क्लाससारखं हेही दोन महिन्यांत सुटेल. सुटलं नाही. हिवाळ्यात रविवारी दुपारी एक ते पाच, खारा वारा देईल तेवढं पदरात पाडून घ्यायचं. म्हणजे ८-१० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), नशीब असेल तर १२. एवढ्यात बोर्ड पाण्यावर उचलला जातच नाही, म्हशीसारखा डुंबत पुढे सरकतो. त्यात फिनला, म्हणजे बोर्डखालच्या पात्याला, दुधाची पिशवी अडकली की सगळं मुसळ केरात. हार्नेस (शिडाची ओढ कमरेवर घेणारा पट्टा) वापरता येतो, पुढचा पाय बोर्डवरच्या स्ट्रॅपमध्ये जातो, मागचा अजून घाबरतो. वॉटरस्टार्ट, म्हणजे पाण्यात पडल्यावर शिडाच्या ओढीने बोर्डवर चढणं, दहातून तीनदा जमतो. वजन ६८ किलो.

आता जखम. गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आग्नेय आशियातल्या एका बेटावर गेले होते. राहायच्या जागेच्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत होतं: या मोसमात सरासरी १५ नॉट. मी रोज रात्री वहीत आकडा लिहिला. २३, २२, १९, ६, ५, ७, ८, ६, ९. सरासरी काढली तर जवळजवळ १२ येते, आणि १२ नॉट मला नऊ दिवसांत एकदाही मिळाले नाहीत! पहिले तीन दिवस वारा इतका की मला शीड धरवेना, नंतरचे सहा दिवस पत्ते आणि आंबा शेक. मालक रोज सकाळी म्हणायचा, कालपर्यंत मस्त होता.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही. १६ ते ३१ जानेवारी २०२७ यातले नऊ दिवस हातात आहेत. २६ जानेवारी मंगळवारी येतेय, सोमवारी रजा टाकली की चार दिवस जोडून मिळतात, म्हणून मनात २३ ते ३१ आहे. दीर मॉरिशसला जुलैमध्ये जाऊन आला, तिथल्या ल मॉर्न किनाऱ्यावर रोज वारा होता म्हणतो. थेट विमान आहे, व्हिसाची कटकट नाही. तर मॉरिशस पक्कं करू का? नवरा सर्फिंग करत नाही, त्याला सावली, पुस्तक आणि मासे मिळाले की झालं.

सुट्टीबहाद्दर

ताई, सरळ मालदीव! जानेवारीत पाणी काचेसारखं असतं. आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो, एक लाट नाही.

शीड_सहा_दोन

सुट्टीबहाद्दर, पाणी काचेसारखं असतं हीच तर त्यांची अडचण आहे हो. :)

पार्लेताई, मॉरिशस पक्कं करू नका. दीर खोटं बोलत नाहीत, पण ते जुलैत गेले. जुलै हा तिथला हिवाळा, आणि तिथे आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे साधारण जून ते सप्टेंबर जोरात असतात. तुम्ही जाणार त्यांच्या ऐन उन्हाळ्यात. तेव्हा वारा सुस्तावलेला असतो, आणि जोरात आलाच तर चक्रीवादळाच्या निमित्ताने. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला वादळांचा हंगाम. म्हणजे एक तर नाही, नाही तर नको तेवढा.

माझं मत असं की आधी बेट ठरवून मग तिथे वारा शोधणं उलटं आहे. तुमच्या तारखा ठरलेल्या आहेत ना, मग त्या तारखांना पृथ्वीवर कुठला वारा वाहतो आणि तो का वाहतो, तिथून सुरुवात करा. जानेवारीत आशियाची जमीन थंड पडलेली असते, तिच्यावर हवेचा दाब चढतो, आणि हवा ईशान्येकडून समुद्राकडे सुटते. मुंबईत सकाळी चार दिवस स्वेटर काढायला लावते ती हीच. आपल्याकडे ती जमिनीवरून रखडत येते आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याशी तिची मारामारी होते, म्हणून आपल्या वाट्याला काही येत नाही. पण अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला पोचते तेव्हा ती चांगली स्थिरावलेली असते. तिथल्या झांझिबार बेटावर तिला कास्काझी म्हणतात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तिचा मोसम. जून ते सप्टेंबर उलट, दक्षिणेकडून येतो तो कुसी. कच्छची गलबतं शेकडो वर्षं हिवाळ्यात कास्काझीवर तिकडे उतरायची आणि वारा फिरला की परत यायची. त्या नाखवांना रजेचे अर्ज करावे लागत नव्हते एवढाच फरक.

तुमच्या गेल्या वर्षीच्या वहीचं कोडं. तिथलाही वारा ईशान्येचाच, पण त्या भागात तो झटक्यांनी येतो. उत्तरेकडून थंड हवेचा लोंढा सुटला की तीन-चार दिवस धमाल, लोंढा ओसरला की सामसूम. तुम्ही एका लोंढ्याच्या शेपटीला पोचलात. म्हणून सरासरी विचारूच नका, दिवस मोजा. विंडगुरू या वाऱ्याच्या अंदाजाच्या वेबसाइटवर मागच्या वर्षांच्या नोंदी सापडतात. गेल्या पाच जानेवाऱ्या काढा आणि सलग चार तास १४ नॉटच्या वर वारा असलेले दिवस पेन्सिलीने टिंबं देत मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण आंबा शेकपेक्षा स्वस्त. आणि लक्षात ठेवा, वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १४ नॉटच्या दुप्पट जोर २८ ला नाही, २० लाच मिळतो. १२ आणि १५ मध्ये तीनच नॉटांचा फरक दिसतो, पण तुमच्यासाठी तोच डुंबणं आणि उडणं यातला फरक आहे.

सगळ्यात भरवशाचा वारा विचाराल तर कॅरिबियनमधलं बोनेर. व्यापारी वारे, लाक बे नावाचं कमरेएवढ्या पाण्याचं खाजण, पडलात तर उभं राहायचं. पण मुंबईहून जाण्यायेण्यातच तुमच्या नऊपैकी चार दिवस जातील. श्रीलंकेत कल्पिटिया जवळ आहे, कोलंबोपासून गाडीने चारेक तास. तिथला खरा जोर मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा, जानेवारीत मिळतो तो त्याचा धाकटा भाऊ. मी तुमच्या जागी असतो तर झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर पाजेला गेलो असतो. १२ ते २० नॉट, किनाऱ्याला तिरका, म्हणजे चुकलात तर तो तुम्हाला वाळूवर आणून टाकतो, समुद्रात नेत नाही. मी २०१९ मध्ये आठ दिवस होतो, सहा दिवस सहा-दोनच्या (६.२ चौरस मीटरच्या) शिडावर चाललो (वजन ७४). उरलेल्या दोन दिवसांची चूक वाऱ्याची नव्हती, माझी होती. मी भरती-ओहोटीचा तक्ता बघितला नव्हता. सकाळी अकराला बोर्ड घेऊन उतरलो तर समोर समुद्रच नाही! किलोमीटरभर लांब रीफपर्यंत, म्हणजे प्रवाळाच्या खडकापर्यंत, ओली वाळू, त्यात रोवलेल्या काटक्या, आणि काटक्यांमधल्या दोरीवरचं शेवाळ काढत वाकलेल्या बायका. डोक्यावर १७ नॉट वारा आणि पायाखाली घोट्याएवढं पाणी. त्यातलीच एक माझ्याकडे बघून खूप हसली.

लाटेवरचा_ला

लक्षद्वीपचं कुणीच नाव घेत नाही?

शीड_सहा_दोन

खाजणं सुंदर आहेत, प्रवेशाचा परवाना काढून जरूर जा. पण जानेवारीत तिथे वारा मंद. पोहायला.

वेसावकर

वाऱ्यातलं तुमच्याइतकं कळत नाही, पण पाण्याचं सांगतो. आमचं घर तीन पिढ्या वेसाव्यात, होडी आता भाऊ बघतो.

मुंबईत भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. हे आपल्या बंदराचं गणित आहे, तिकडे तसंच्या तसं चालणार नाही. पण चंद्र तोच आहे. तिथला भरतीचा तक्ता काढा आणि फक्त पौर्णिमेच्या दिवशी भरती किती वाजता ते बघा. मग पौर्णिमेआधीच्या दर दिवसाला पाऊण तास वजा, नंतरच्या दर दिवसाला पाऊण तास मिळवा. सुकती, म्हणजे ओहोटी, साधारण सहा तास पुढेमागे.

लोक म्हणतात उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती-ओहोटी) वाईट, भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान) चांगला. अर्धंच खरं. भांगाला पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, तेव्हा उथळ जागी दिवसभर काहीतरी पाणी राहतं. उधाणाला पाणी भरपूर येतं आणि भरपूर जातं, पण एका बंदरात उधाणाची सुकती नेहमी त्याच सुमाराला येते. ती सकाळी येत असेल आणि तुम्हाला दुपारी खेळायचं असेल तर उधाणच तुमच्या कामाचं. तारीख बघू नका, घड्याळ बघा.

पार्ले_पूर्व

वेसावकरदादा, तुमचे पाय कुठे आहेत ते सांगा!

काल रात्री जेवण झाल्यावर कालनिर्णय आणि लॅपटॉप घेऊन बसले. पौष पौर्णिमा २२ जानेवारीला, शुक्रवारी. पाजेच्या तक्त्यात त्या दिवशीची भरती दुपारी चारच्या आसपास, सुकती सकाळी दहाला. मग पाऊणपाऊण तासाने पुढे सरकत गेले. २६ तारीख, म्हणजे पौर्णिमेनंतर चार दिवस: भरती संध्याकाळी सातला, सुकती दुपारी एकला. उधाण अजून उतरलेलं नाही आणि भर दुपारी पाणी गायब! मी ज्या चार दिवसांच्या जोडसुट्टीवर जीव टाकून बसले होते, तेच दिवस ओल्या वाळूचे. २८ ला सुकती अडीचला, तीच गत.

आता मागे सरकून बघितलं. १७ ला भरती सव्वाबाराला, तीही भांगाची, म्हणजे दिवसभर पाणी. २० ला अडीचला. २२ ला चारला, एकपासून सहापर्यंत खेळता येईल. म्हणजे १६ ते २४ जायचं. २३ ते ३१ ला चार रजा लागत होत्या, आता पाच लागतील आणि प्रजासत्ताक दिनाची सुट्टी घरात पोहे खाऊन साजरी होईल. चालेल.

टिंबंही दिली. पाच जानेवाऱ्यांची मोजायला दोन संध्याकाळ लागल्या, मुलीला वाटलं आईने भरतकाम सुरू केलं. माझ्या नऊ दिवसांच्या खिडकीत पाच वर्षांत सगळ्यात वाईट वर्षी पाच दिवस, चांगल्या वर्षी आठ. तीनपेक्षा पाच बरे.

शीडसाहेब, आता एकच. सामान इथून न्यायचं की तिथे भाड्याने?

ठाणे_पश्चिम

मध्ये बोलतो. मास्ट (शिडाची काठी) आणि बूम (धरायची दांडी) विमानात नेण्याच्या भानगडीत पडू नका. मी एकदा मास्ट नेला होता. काउंटरवरच्या मुलीने लांबी विचारली, मी सांगितली, तिने वर बघितलं, मग सुपरवायझरला बोलावलं. परतीच्या प्रवासात बॅगेला भोक. हार्नेस तेवढा स्वतःचा न्या, आणि जाड तळाचे बूट. रीफजवळ सी अर्चिन असतात, त्याचा काटा टाचेत मोडला की दोन दिवस लंगडी.

भाड्याचं विचारताना शब्द जपून वापरा. आजकाल अशा सगळ्या जागा काइटवाल्यांनी, म्हणजे शिडाऐवजी पतंगाच्या ओढीने बोर्ड चालवणाऱ्यांनी, भरल्यात. 'बोर्ड आहे का' विचारलंत तर 'हो' येईल आणि तिथे पोचल्यावर हातात पतंग. शीड किती मापाचं, बोर्ड किती लिटरचा (म्हणजे केवढ्या आकारमानाचा), असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

शीड_सहा_दोन

अगदी बरोबर. ६८ किलोला १५ नॉटमध्ये साधारण सहाचं शीड, वारा पडला तर सातचं. बोर्ड १३० लिटरच्या आसपासचा मागा, वॉटरस्टार्ट फसला तर दोरी ओढून उभं राहता आलं पाहिजे. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलात की वारा डाव्या गालावर लागेल. चौपाटीवर तुम्हाला उजवीकडून घ्यायची सवय झाली असणार, पहिला दिवस गोंधळ होईल, होऊ द्या.

नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जात असाल तर पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि प्रमाणपत्र पासपोर्टमध्येच ठेवा. परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात. एकदा घेतलं की जन्मभर चालतं.

पार्ले_पूर्व

तिकिटं काढली. १६ ची पहाटेची, नैरोबीमार्गे. दोन ठिकाणी मेल टाकले होते. एकाने लिहिलं, हो हो, सगळं आहे, काळजी नको. दुसऱ्याने लिहिलं, विंडसर्फिंगचे तीनच बोर्ड उरलेत, एक १३५ लिटरचा, शिडं ५.७ आणि ६.५, सातचं फाटलंय. दुसऱ्याकडे पैसे भरले.

नवऱ्याने विचारलं, सकाळी पाणी नसताना तू काय करणार? म्हटलं, तुझ्याबरोबर रीफपर्यंत चालत येईन. त्याने आत्ताच जाड तळाचे बूट मागवलेत, स्वतःसाठी.