निवारा केंद्रं वाढवायची की भाड्याची छोटी घरं?

औंधवासी: पुणे स्टेशन, स्वारगेट भागात उघड्यावर झोपणाऱ्यांचा विषय निघाला की 'महापालिकेने आणखी निवारा केंद्रं काढावीत' इथेच चर्चा थांबते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता लाख लोकवस्तीमागे शंभर जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट. रात्र काढायला ते हवंच. पण त्यापुढे काय? माझं म्हणणं, यापुढचा पैसा चार-पाच जणांच्या भाड्याच्या घरांवर लागावा, सोबत ये-जा करणारा कार्यकर्ता. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने 2015 पासून 'होम अगेन'मध्ये हेच केलंय: मनोरुग्णालयात अडकून पडलेल्यांना साध्या वस्तीत घर. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 19 वाचा. घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. येरवड्याच्या मनोरुग्णालयासाठी हे तातडीचं आहे.

नऱ्हे_आंबेगाव: असहमत. निवारा केंद्राची जागा महापालिकेची, तिथून कुणी हाकलत नाही. भाड्याच्या घराचा करार 11 महिन्यांचा. मालकाने भाडं वाढवलं किंवा सोसायटीने कुरकुर केली की पाचही जण सामानासकट रस्त्यावर. एकदा घर मिळून ते गेलं की माणूस दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही.

करारनामा: 11 महिने ही सवय आहे, कायदा नाही. लिव्ह अँड लायसन्स 60 महिन्यांपर्यंत करता येतो, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. नोंदणी तर 11 महिन्यांनाही बंधनकारकच (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55). दीर्घ करार करा आणि लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता येणार नाही ही अट) मालकावरही लागू करा. बहुतेक मसुद्यांत तो फक्त भाडेकरूला बांधतो, आणि घर जातं ते तिथे. करार संस्थेच्या नावे असला तरी राहणाऱ्यांची नावं त्यात हवीतच. नाहीतर गॅस जोडणी, बँक, आधारवरचा पत्ता, सगळं अडतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे 'भोगवटेतर शुल्क' लावते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे मालकाला आधीच सांगून ठेवावं.

सदाशिव_३०: कागद झाले हो, माणसांचं काय? आधी दारू सुटू द्या, औषधाची सवय लागू द्या, मग किल्ली. आणि भाडं भरणार कशातून? संजय गांधी निराधार योजनेला 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. फुटपाथवर काढलेल्या वर्षांचा दाखला तलाठी देईल का?

औंधवासी: दाखल्याची अडचण खरी आहे, म्हणून पहिले काही महिने भाडं योजनेनेच भरावं. 'आधी दारू सोड'बद्दल मात्र ठाम विरोध. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी हीच अट काढून आधी घर दिलं, आणि माणसं घरात टिकली. दार बंद करता येत नाही, सामान चोरीला जातं, झोप होत नाही, अशात औषध वेळेवर घेणार कसं?

घरभेट_कार्यकर्ता: दोन्ही बाजूंना: घर मोडतं ते बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, आणि कारणं साधी असतात. पाणी सकाळी तासभरच येतं, मग पिंप कुणी भरायचं यावर भांडण. किल्ली एकच, ती एकाकडे. बाकीचे त्याच्या मर्जीवर. सामायिक पैशांचा हिशेब तोंडी.
उपाय असा: किल्ली प्रत्येकाला, शिवाय प्रत्येकाच्या कपाटाला वेगळं कुलूप. हिशेबाची वही ओट्याजवळ टांगलेली, खर्च त्याच दिवशी लिहायचा. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी, दर रविवारी ज्याची त्याने भरायची, कार्यकर्त्याने फक्त शेजारी बसायचं. ओळख नसलेल्या पाच जणांना एकदम कोंबू नये. आधी दोघं, मग त्यांना विचारून तिसरा. आणि शेजाऱ्यांकडे जाताना आजारांची यादी सांगत बसू नका, तो राहणाऱ्यांचा खासगी मामला आहे. रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा, तेवढा नंबर द्या आणि तो उचला. शेजार त्यावर तयार होतो.

नऱ्हे_आंबेगाव: कराराचा मुद्दा पटला. पण कार्यकर्त्याचा पगार तीन वर्षांनी कोण देणार, यावर कुणीच बोललं नाही. केंद्र सरकारच्या त्या अभियानातही निवारा चालवायचा खर्च पाचच वर्षं मिळायचा, पुढे पालिकेने बघायचं. तोच घोळ इथे नको.

औंधवासी: मान्य. म्हणून मागणी अशी: पगार प्रकल्पातून नाही, पालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली. चार घरांमागे एक कार्यकर्ता आणि रात्रीच्या फोनसाठी एक जादा माणूस. हे जमत नसेल तर घरं कमी करा, माणूस कमी करू नका.