मदत हवी आहे: कुकरमध्ये शिजवल्यावरही राजम्यात लेक्टिन उरतं का?

नमस्कार मंडळी, नागपूरहून विचारतेय. आई ६८ वर्षांची, पूर्ण शाकाहारी. दोन महिन्यांपासून राजमा, वाल किंवा तर्रीतला हरभरा खाल्ला की पोट फुगतं. ताप नाही, वजन घटलेलं नाही. डॉक्टरांनी तपासलंय, सोनोग्राफीही नॉर्मल. कोणीतरी लेक्टिनची (कडधान्यांत असणारं एक प्रकारचं प्रथिन) भीती घातली आणि तिने साधं वरणही सोडलं. मला काळजी त्याचीच जास्त आहे, कारण दूध तिला सोसत नाही, मग प्रथिनं मिळणार कुठून?

मी वाचलं ते असं: कच्च्या राजम्यातलं लेक्टिन आतड्याच्या अस्तराला चिकटतं, आणि प्रयोगातल्या उंदरांच्या लहान आतड्यात त्यामुळे ई. कोलाय नावाचे जिवाणू बेसुमार वाढले. पण खळखळ उकळल्यावर ते निकामी होतं. ८० अंशांखाली मंद शिजवलं तर मात्र होत नाही. आम्ही १२ तास भिजवतो, फेसाळ पाणी फेकतो, ६ शिट्ट्या घेतो. दाणा दोन बोटांत लोण्यासारखा दबतो. तरी फुगतंच.

मग हा त्रास उरलेल्या लेक्टिनचा, की मोठ्या आतड्यातले जिवाणू कडधान्यातल्या न पचलेल्या साखरा आंबवतात त्या गॅसचा? आणि मोड आलेली मटकी ती कच्चीच खाते, तीही शिजवूनच द्यावी का?