मदत हवी आहे: सप्टेंबरात जन्मलेल्या मुलीसाठी सॉकर क्लब आणि लीग कशी निवडावी? (सेंट्रल न्यू जर्सी, २०२६-२७)

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी सहावीत आहे, जन्म सप्टेंबर २०१४ चा. आमच्या टाउनशिपच्या ट्रॅव्हल टीममधून (निवड होऊन बाहेरच्या गावांशी खेळणारी टीम) खेळते. डाव्या पायाची आहे, त्यामुळे कधी लेफ्ट बॅक, कधी लेफ्ट विंग. पुढच्या सीझनच्या ट्रायआउट (निवड चाचण्या) तोंडावर आल्या आहेत आणि आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. ज्यांच्या मुली अमेरिकेत क्लब सॉकर खेळल्या आहेत किंवा खेळताहेत, त्यांचा अनुभव ऐकायचा आहे. पोस्ट लांब होणार आहे, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आधी वयोगटाचं सांगतो, कारण आमचा घोळ तिथूनच सुरू होतो. आत्तापर्यंत वयोगट जन्मवर्षावर ठरायचा, म्हणजे २०१४ ला जन्मलेल्या सगळ्या मुली एकत्र. २०२६-२७ पासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या तिन्ही संस्था १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा गट धरणार आहेत. शाळेचा वर्ग आणि टीम जुळावी हा त्यामागचा हेतू, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ते जुळेलही. आमच्या मुलीचं मात्र उलटं होतंय. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये शाळाप्रवेशाची तारीख १ ऑक्टोबर आहे, त्यामुळे ती पाच पूर्ण व्हायच्या आतच किंडरगार्टनला गेली. आता तिच्या टीममधल्या जानेवारी ते जुलैमध्ये जन्मलेल्या मैत्रिणी यू-१३ मध्ये (तेरा वर्षांखालील गट) जाणार आणि ही पुन्हा यू-१२ मध्येच राहणार. पुढच्या वर्षी ही सातवीत, टीममधल्या जवळजवळ सगळ्या सहावीत.

खेळाच्या दृष्टीनेही फरक मोठा आहे. यू-१२ म्हणजे ९ विरुद्ध ९, लहान मैदान, चार नंबरचा बॉल. यू-१३ पासून ११ विरुद्ध ११, पूर्ण मैदान, पाच नंबरचा बॉल. ही अंगाने बारीक आहे. जानेवारी-फेब्रुवारीतल्या मुलींपुढे दरवर्षी लहान पडायची, धक्का लागला की बॉल जायचा. नव्या हिशोबात ती गटातल्या सर्वांत मोठ्या मुलींपैकी एक असेल.

आता पर्याय.

पहिला क्लब मोठा, मुलींचा ईसीएनएल संघ असलेला. ईसीएनएल २००९ साली मुलींसाठीच सुरू झालेली लीग आहे आणि कॉलेजचे कोच तिच्या सामन्यांना येतात, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. पण ती यू-१३ पासून सुरू होते. हिला जागा मिळतेय ती त्याखालच्या यू-१२ टीममध्ये, आणि पुढच्या वर्षी ईसीएनएल संघात घेऊ असं कुणीही लिहून देत नाही. वरच्या वयोगटात क्लबची पहिली टीम ईसीएनएल खेळते, दुसरी रीजनल लीग, म्हणजे आरएल. वेबसाइटवर आणि जर्सीवर मात्र बिल्ला सगळ्यांना एकच. फी साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. किट, टूर्नामेंट, हॉटेल वेगळं. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एका बाजूला पाऊण तास सहज जातो, आठवड्यातून तीन दिवस. ऑफर आल्यावर ४८ तासांत पैसे भरायचे आणि ते परत मिळणार नाहीत.

दुसरा क्लब घरापासून पंधरा मिनिटांवर. ईडीपी नावाच्या प्रादेशिक लीगमध्ये खेळतो. फी दोन हजारांच्या थोडी वर. नाव फारसं कुणाला माहीत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे आहे तिथेच राहायचं. पण मैत्रिणी वर जाणार, त्यामुळे 'तिथेच' असं काही उरलेलंच नाही. हा पर्याय मी जवळजवळ सोडला आहे.

दोन्ही क्लबांची प्रॅक्टिस मी कुंपणाबाहेर उभा राहून पाहिली. मोठ्या क्लबच्या पहिल्या टीमची प्रॅक्टिस पाहून मन भरलं. कोच मधेच खेळ थांबवून एका मुलीला विचारत होती, "बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागे बघितलंस का? काय दिसलं?" मुलगी सांगायची, मग त्याच जागेवरून पुन्हा खेळ सुरू. पण शेजारच्याच मैदानावर त्याच क्लबची दुसरी टीम होती. तिथे मुली एका रांगेत उभ्या, एक गोल, एकेकीने शॉट मारायचा, बॉल आणायला पळायचं आणि पुन्हा रांगेच्या शेवटी. दहा मिनिटांत एकेकीच्या पायाला बॉल किती वेळा लागला असेल ते तुम्हीच बघा. आमच्या मुलीला कोणती टीम मिळेल हे विचारलं, तर "ट्रायआउटनंतर ठरेल" एवढंच उत्तर मिळालं.

धाकट्या क्लबात चौकोनात चार विरुद्ध दोन चाललं होतं, तीन चौकोन एकाच वेळी. कुणी रिकामं उभं नव्हतं. कोच चौकोनांमधून फिरत, हळू आवाजात बोलत होता. आमची मुलगीही त्या दिवशी त्यांच्यात खेळत होती. तिने डाव्या पायाने बाहेरच्या बाजूला बॉल घेतला तेव्हा तो म्हणाला, "आतल्या बाजूला घेतलास तर दोन रस्ते उघडतात, घेऊन बघ." घरी येताना गाडीत तिने तेच मला दोनदा सांगितलं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठ ठरली की फुटबॉलची तालीम ठरली आणि शाहू स्टेडियमवर कुणासाठी ओरडायचं तेही ठरलं. क्लब निवडायचा, ऑफर स्वीकारायची, डिपॉझिट भरायचं, हे सगळं मला इथे येऊन शिकावं लागलं. बाबांना फोनवर तीन क्लबांचं सगळं पुराण ऐकवलं. त्यांचा प्रश्न एकच: "पोरगीला खेळाय मिळतंय का नुसतं बसाय लागतंय?" खरं सांगायचं तर इतक्या वेबसाइट वाचूनही मला त्या प्रश्नाचं उत्तर सापडलेलं नाही.

माझे प्रश्न:

वयाने यू-१२ असलेल्या मुलीला वर्गातल्या मुलींबरोबर यू-१३ मध्ये खेळवावं का? नियमाने वरच्या गटात खेळता येतं, पण क्लब खरंच तयार होतात का?

ईसीएनएलचं दार एकदा चुकलं की बंद होतं, असं ओळखीचे दोन-तीन पालक छातीठोकपणे सांगतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी बाहेरून आत गेलेल्या मुली कुणी पाहिल्या आहेत का?

आणि ट्रायआउटच्या आधी क्लबला नेमकं काय विचारावं, म्हणजे गोलमोल उत्तर मिळणार नाही?

(कॉलेज स्कॉलरशिपचा विचार आम्ही आत्ता करत नाही आहोत. तिला खेळ आवडतो, तो आवडत राहावा आणि जितकी चांगली होऊ शकते तितकी ती व्हावी, इतकंच.)

—

प्रतिसाद १

धागाकर्ते, आमची लेक आता अकरावीत आहे, मेरीलँडमध्ये. गर्ल्स अकॅडमी (जीए) या मुलींच्या दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये तीन वर्षं खेळली, नंतर ईसीएनएल आरएलमध्ये. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

लीगची नावं बदलत राहतात हे आधी लक्षात घ्या. मुलींची डेव्हलपमेंट अकॅडमी ही लीग २०१७ ला मोठ्या थाटात सुरू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये यूएस सॉकरने (अमेरिकेची राष्ट्रीय सॉकर संघटना) ती बंदच केली. त्यातून गर्ल्स अकॅडमी उभी राहिली. ज्यांनी लीगच्या नावासाठी तासन् तास गाडी चालवली, त्यांच्या हातात एका ईमेलने काही उरलं नाही. ज्यांच्याकडे चांगला कोच होता, त्यांचं फारसं बिघडलं नाही.

दार बंद होतं हे मला पटत नाही. आमच्या लेकीच्या टीममध्ये दरवर्षी दोन-तीन मुली बाहेरून यायच्या, कारण तेवढ्याच गळायच्या. कुणी दुखापतीने, कुणी कंटाळून, कुणी दुसऱ्या क्लबात. मुलगी चांगली असेल तर चौदाव्या वर्षीही घेतात. उलट अकराव्या वर्षी आत जाऊन दोन वर्षं बाकावर बसलेली मुलगी तेराव्या वर्षी बॉल मागायचीच बंद होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

विचारायचे प्रश्न. टीममध्ये एकूण किती मुली घेणार? ९ विरुद्ध ९ ला सोळा घेतल्या तर सात जणी कायम बाहेर. प्रत्येकीला किमान अर्धा सामना मिळेल का? पुढच्या वर्षी हाच कोच असणार का? गेल्या वर्षीच्या यू-१२ मधल्या किती मुली यू-१३ च्या पहिल्या टीममध्ये गेल्या आणि किती बाहेरून आणल्या? या शेवटच्या प्रश्नाला जो डायरेक्टर आकडा सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवा. जो "आम्ही प्रत्येक मुलीचा विकास बघतो" म्हणतो, त्याला पुन्हा विचारा.

आणखी एक, मुलींच्या आईबाबांसाठी फार महत्त्वाचं. वाढीच्या वयात मुलींच्या गुडघ्याचा एसीएल (सांध्यातला एक महत्त्वाचा अस्थिबंध) मुलांपेक्षा जास्त वेळा दुखावतो. फिफा ११+ नावाचा वॉर्मअप आहे, वीसेक मिनिटांचा, पळणं, उड्या, तोल सांभाळणं, मांड्यांचे व्यायाम. तो नियमित केल्याने दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलं आहे. क्लब तो किंवा तसा काही करून घेतो का, हे विचाराच. लेकीच्या बरोबरीच्या दोघींची शस्त्रक्रिया झाली, त्यांचे ते महिने मी जवळून पाहिलेत.

कॉलेजचा विचार करत नाही म्हणालात ते बरं केलंत. डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा गट) कोचना मुलीशी थेट बोलायची परवानगीच दहावी संपल्यानंतर, १५ जूनपासून मिळते. तुमच्याकडे भरपूर वेळ आहे.

—

प्रतिसाद २

मी टाउनच्या टीमला कोचिंग करतो (कोचिंगचं डी लायसन्स आहे), म्हणून फक्त वयोगटाबद्दल.

२०२८ च्या फॉलमध्ये (शरद ऋतूत) तुमची मुलगी नववीत असेल. न्यू जर्सीत हायस्कूल सॉकर फॉलमध्येच असतं. वयाप्रमाणे ती तेव्हा यू-१४ मध्ये, टीममधल्या बाकी मुली आठवीत. म्हणजे क्लबचा फॉल सीझन जोरात चालू आणि ही एकटी शाळेच्या टीममध्ये. एक तर दोन्हीकडे ओढाताण होईल, नाही तर एक सोडावं लागेल. वर्गाबरोबर यू-१५ मध्ये असेल तर हा प्रश्न येत नाही, कारण त्या गटाच्या क्लब टीम हायस्कूलसाठी सहसा फॉलमध्ये थांबतात. ईसीएनएल आणि जीए दोन्हीकडे हायस्कूल खेळू देतात.

तेव्हा वर जावंच लागणार आहे, पण आत्ताच नको. बारीक मुलीला ९ विरुद्ध ९ चं आणखी एक वर्ष मिळणं ही चांगली गोष्ट आहे. बॉल जास्त वेळा पायात येतो, आणि आजवर धक्के खाल्लेली मुलगी पहिल्यांदा मोकळेपणाने एकास एक खेळून बघते. फक्त सोपं जातंय म्हणून ती आळसावत नाही ना, एवढं बघा. क्लबला सांगा, टीम यू-१२ ची ठेवा आणि आठवड्यातून एक प्रॅक्टिस यू-१३ बरोबर द्या. लहान क्लब हे आनंदाने करतात. मोठ्या क्लबात वेळापत्रक आणि मैदानं आधीच ठरलेली असतात, तिथे अवघड जातं.

—

धागाकर्त्याचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ताई, तुमचे प्रश्न कागदावर उतरवून दोन्ही क्लबांना फोन केले.

मोठ्या क्लबने यू-१२ मध्ये सोळा मुली घेणार असल्याचं सांगितलं. वेळेची हमी नाही, सामन्यावर अवलंबून. गेल्या वर्षी किती मुली वर गेल्या याचं उत्तर दोनदा विचारूनही मिळालं नाही. धाकट्या क्लबचा कोच म्हणाला तेरा मुली घेणार, प्रत्येकीला अर्धा सामना नक्की, आणि गटाबरोबर तोही पुढच्या वर्षी वर जाणार. यू-१३ बरोबर एक प्रॅक्टिस मिळेल का विचारल्यावर त्याने लगेच वार सांगितला, गुरुवार. वॉर्मअपचं विचारलं तेव्हा मात्र तो जरा थांबला. फिफा ११+ त्याने ऐकलं होतं, पण नियमित करून घेत नव्हता. "पाठवा, बघतो," म्हणाला. मी पाठवलं आहे आणि सीझन सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात जाऊन बघणार आहे.

मुलीला दोन्हीकडची परिस्थिती समोर ठेवून विचारलं. तिला मोठ्या क्लबच्या त्या कोचचं आकर्षण आहे, आणि ते मला समजतं, मलाही ती आवडली होती. पण ती कोच मिळेलच असं नाही, हे तिला पटायला एक संध्याकाळ लागली. मग तिनेच म्हटलं की गुरुवारी मोठ्या मुलींबरोबर खेळायला मिळणार असेल तर इथेच जाऊ. २०२८ च्या हायस्कूलचा हिशोब आता डोक्यात पक्का आहे. यू-१३ ला कायमचं वर जायचं की नाही ते पुढच्या वसंतात ठरवू, आणि तेव्हा ईसीएनएलची ट्रायआउटही देऊन बघू.

आता एक शेवटची मदत. प्लेन्सबरो-वेस्ट विंडसर भागातून कुणाची मुलगी यू-१२ किंवा यू-१३ ईडीपी खेळत असेल, तर मंगळवार-गुरुवारच्या कारपूलसाठी माझ्या विपूत (विचारपूस पानावर) लिहा. शिवाय ईडीपीचे बरेच सामने रविवारी सकाळी येतात आणि तीच मराठी शाळेची वेळ. ज्यांनी दोन्ही सांभाळलं आहे त्यांनी कसं जमवलं तेही लिहा. शाळा सोडायची नाही यावर घरात तिघांचंही एकमत आहे.