खून आणि घरफोडीच्या शिक्षेविरुद्ध अपील: मुदत किती, मुद्दे कोणते?

प्रश्न:
सांगली जिल्ह्यातील 2021 सालच्या एका प्रकरणात माझ्या चुलतभावाला सत्र न्यायालयाने गेल्या महिन्यात भारतीय दंड संहितेच्या कलम 302 (खून) खाली जन्मठेप आणि कलम 457 व 380 (रात्रीची घरफोडी व घरातील चोरी) खाली सक्तमजुरी सुनावली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही. भावाने दाखवलेल्या जागेतून मयत महिलेच्या बांगड्या जप्त झाल्या, हाच मुख्य पुरावा, आणि त्या पंचनाम्याचा एक पंच (जप्तीचा साक्षीदार) फितूर झाला. अपील कोठे व किती दिवसांत करावे? वकिलाची फी आम्हाला परवडणारी नाही.

उत्तर 1:
जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात 60 दिवसांत अपील करावे लागते. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. सांगलीची अपिले ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात. फीची काळजी करू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि अपिलाचा अर्ज तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही पाठवता येतो.

उत्तर 2:
माझ्या मते दोन्ही आरोपांवर वेगवेगळे मुद्दे मांडावेत, कारण ते एकाच जप्तीवर उभे असले तरी तिचे वजन दोन्हीकडे सारखे नाही. सनवत खान विरुद्ध राजस्थान राज्य (1956) या निकालानुसार, मृताचे दागिने आरोपीकडे सापडणे एवढ्यावरून, इतर पुरावा नसताना, खून सिद्ध होत नाही. मात्र चोरी आणि खून एकाच घटनेचे भाग असून माल लगेच हस्तगत झाला असेल, तर न्यायालयांनी खुनाचेही अनुमान काढले आहे. म्हणून घटना आणि जप्ती यांमध्ये किती दिवस गेले, ती जागा कोणालाही जाता येईल अशी उघडी होती का आणि बांगड्यांची ओळख नीट पटवली गेली का, हे आधी तपासा. पंच फितूर झाल्याने जप्ती आपोआप बाद होत नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर ती पुरते.

प्रश्नकर्ता:
जप्ती एकोणीस दिवसांनी झाली आणि जागा गावाबाहेरचा पडका गोठा आहे. अपील चालेपर्यंत जामीन मिळेल का?

उत्तर 2:
जामिनासाठी शिक्षा स्थगितीचा अर्ज (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 389, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 430) अपिलासोबतच द्या. जन्मठेप असल्याने सरकारी वकिलाला लेखी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. एकोणीस दिवस आणि उघडा गोठा हे दोन्ही मुद्दे त्या अर्जातच सविस्तर लिहा.