मदत हवी आहे: गवताच्या पानात फ्रुक्टानचं एन्झाइम सापडतच नाही, सोमवारी सबमिशन!!

बर्डीचा_भाऊ
एमएस्सीचा प्रोजेक्ट करून राह्यलो. फ्रुक्टान म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्या; त्या बनवणारी दोन एन्झाइम, १-एसएसटी आणि ६-एसएफटी, मोजायची आहेत. पानं बर्फात वाटली, अर्क काढला, सुक्रोज (आपली साधी साखर) दिलं. डीएनएसने (सुटी साखर दाखवणारं रसायन) रंग झकास येतो, पण टीएलसीवर (साखरा वेगळ्या करणारी पट्टी) केस्टोजचा, म्हणजे साखळीच्या पहिल्या कडीचा, ठिपका नाही. तीनदा केलं. काहून नाही येत?

खलबत्ता
सुक्रोज किती? पीएच किती? अर्क डायलाइझ केला होता का, म्हणजे पडद्यातून लहान साखरा काढून टाकल्या होत्या का? पानातलीच साखर राहिली असेल तर तो रंग तिचाच.

बर्डीचा_भाऊ
डायलिसिस रात्रभर. पीएच ५.५. सुक्रोज १० मिलीमोलर.

खलबत्ता
मग झालं की! एवढ्या पातळ सुक्रोजमध्ये ते नुसतं फोडणारं एन्झाइम, इन्व्हर्टेजच, बाजी मारणार. निदान १०० तरी ठेव.

गोकुळपेठ_ताई
आधी नुसता ग्लुकोज मोज रे. पॅथॉलॉजीवाले रक्तातली साखर मोजतात तोच किट चालतो. १-एसएसटी एका सुक्रोजचा फ्रुक्टोज दुसऱ्या सुक्रोजवर चढवतं, म्हणून ग्लुकोज सुटा होतो आणि फ्रुक्टोज केस्टोजमध्ये अडकतो. इन्व्हर्टेज दोन्ही सुटे करतं. डीएनएसला दोघांतला फरक कळत नाही.

संत्रेवाला_काटोल
हरळीवर जालीम उपाय सांगतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची आणि काशा (जमिनीखालची कांडी) वेचून बांधावर वाळवायच्या. बागेत एक कांडं राहिलं तरी पुन्हा फुटते.

बर्डीचा_भाऊ
काका, मला मारायची नाही, वाटायची आहे 🙏 ताई, ग्लुकोज एकूण साखरेच्या बरोबर निम्मा आला.

गोकुळपेठ_ताई
म्हणजे निव्वळ इन्व्हर्टेज. आता मुद्द्याचं सांग, गवत कोणतं?

कांदाभजी
गवत सोडा, कांदा घ्या. फ्रुक्टान भरपूर, एन्झाइमही आहेत. आम्ही लसणावरही केलं होतं.

खलबत्ता
त्याच्या शीर्षकात "गवताच्या पानात" लिहिलंय, वाचता का? आणि कांद्यातली साखळी वेगळी. ६-एसएफटी ही गवतांची खासियत, त्याचा जनुक १९९५ मध्ये बार्लीतून काढला. तो इन्व्हर्टेजसारखाच निघाला, भावकीच म्हणा ना.

कांदाभजी
मी मदतच करत होतो. इथे हल्ली बोलायची सोय राहिली नाही.

बर्डीचा_भाऊ
ताई, गवत म्हणजे डिपार्टमेंटसमोरच्या लॉनवरचं. साधंच. गणपतीला वाहतो ते.

गोकुळपेठ_ताई
दूर्वा?! अरे, आठ पोस्टींआधी सांगायचं ना! फ्रुक्टान साठवणारी गवतं थंड हवेतली: गहू, बार्ली, ओट, रायग्रास. ती सुक्रोजपासून साखळी बनवून व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, ठेवतात. दूर्वा म्हणजे हरळी, ती सी४ प्रकारचं, उन्हाळी गवत, ज्वारी-मक्याच्या गटातलं. तिच्या पानात स्टार्च साठतो. नसलेलं एन्झाइम मोजतोयस तू, आणि तेही मे महिन्यात नागपूरच्या उन्हात भाजलेल्या पानात.

संत्रेवाला_काटोल
मी वर काशा म्हटलं ते हेच. जमिनीखाली साठा असतो म्हणून ती मरत नाही.

खलबत्ता
काका, काशांचं बरोबर आहे. (सुक्रोज १० चं माझं म्हणणंही चूक नव्हतं.)

बर्डीचा_भाऊ
गाईडने "ग्रास लीफ" एवढंच लिहून दिलं होतं. आता?? सोमवारी सबमिशन आहे राजेहो.

गोकुळपेठ_ताई
सोमवार विसर, सरांना खरं सांग. किराणा दुकानातला गहू पेर, कूलरच्या खोलीत. आठ-दहा दिवसांची पानं कापून बुडखे पाण्यात ठेव आणि चोवीस तास उजेड दे. कापलेल्या पानातून साखर खाली मुळांकडे जात नाही, तिथेच तुंबते, आणि तुंबली की ही एन्झाइम तयार व्हायला लागतात. बार्लीवर लोक असंच करत आलेत. शेजारी अंधारात ठेवलेली पानंही घे, तुलनेला. आणि सुक्रोज १०० ठेव, नाहीतर पुन्हा इथेच येशील.

बर्डीचा_भाऊ
उजेडाला ट्यूबलाइट चालते का? दुपारी लाइट जाते आमच्याकडं.

कांदाभजी
कांद्याला उजेड लागत नाही.